गॅसगळतीचा सर्व्हे : पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

पाइपच्या गॅसची गळती शोधून देणाऱ्याचे कोटेशन हातात पडले की पहिली नजर जाते लाइनच्या दर मीटर लांबीमागे लावलेल्या दरावर. एकाचा दर कमी, दुसऱ्याचा जास्त, तिसऱ्याने गाडीवर बसवलेल्या यंत्राने एका दिवसात काम उरकतो म्हणून लिहिलेले. बेळगावच्या उद्यमबागेतला फाऊंड्रीवाला असो, टिळकवाडीतल्या अपार्टमेंटची कमिटी असो की खडेबाजारातला हॉटेलवाला, बहुतेक जण तिथल्या तिथे स्वस्तातला कागद निवडून मोकळे होतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. किती मीटर चालले यावर सर्व्हेची किंमत ठरवू नका. किती गळत्या सापडल्या, त्यातल्या किती दुरुस्त झाल्या आणि पुन्हा तपासून बंद ठरल्या, यावर ठरवा. आणि सगळीकडे सारखे पैसे पसरू नका. गळलेला वायू ज्या बंद जागेत शिरून साचू शकतो, तिथे आधी.

आधी वायू नीट ओळखा

बेळगाव जिल्ह्यातून दाभोळ–बेंगळुरू ही मोठी वाहिनी जाते. ती २०१३ मध्ये सुरू झाली. रत्नागिरी, कोल्हापूरकडून येऊन ती पुढे धारवाडकडे जाते. शहराच्या वेशीवरच्या स्टेशनात या वायूचा दाब उतरवतात आणि त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. पुढे पोलादी लाइन, मग गल्लीबोळांतून साधारण ४ बारपर्यंतच्या दाबाची प्लॅस्टिकची, म्हणजे एमडीपीई लाइन, आणि शेगडीपाशी येईपर्यंत दाब उरतो अवघा २१ मिलिबार.

हा वायू मुख्यतः मिथेन. हवेपेक्षा हलका, जवळपास निम्म्या वजनाचा. सिलिंडरमधला एलपीजी नेमका उलटा, हवेपेक्षा दीडपट-दुप्पट जड. म्हणून सिलिंडरचा गॅस फरशीवर पसरतो, पाइपचा गॅस छताशी जमतो. आपल्याकडे अनेक स्वयंपाकघरांत सिलिंडर गेला, पाइप आला, पण गॅसचा अलार्म मात्र होता तिथेच, ओट्याखाली राहिला. तो आता जवळजवळ निरुपयोगी आहे. मिथेनचा अलार्म छतापासून वीतभर-हातभर खाली हवा. तो अलार्म मिथेनसाठीच बनवलेला आहे का, हेही त्याच्या पाठीवर वाचून घ्या. या कामाला खर्च जवळपास नाही.

मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तरच पेटतो. ५ टक्क्यांच्या खालच्या मर्यादेला यंत्राच्या भाषेत ‘१०० टक्के एलईएल’ म्हणतात. ५ टक्के म्हणजे ५०,००० पीपीएम (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग). अहवालात ‘१० टक्के एलईएल’ असे दिसले तर ते ५,००० पीपीएम, म्हणजे हवेत अर्धा टक्का वायू. हे गणित पक्के असले की अहवाल वाचताना कोणी तुम्हाला घाबरवू शकत नाही आणि गाफीलही ठेवू शकत नाही.

पाइप कोणाचा, ते कागदावर पाहा

साधारणपणे मीटरपर्यंतची लाइन गॅस कंपनीची, मीटरनंतरची ग्राहकाची. कारखान्यात दाब उतरवणारे आणि मोजणारे स्टेशन कंपनीचे, तिथून भट्टीपर्यंतचे पाइप तुमचे. नेमकी सीमारेषा जोडणीच्या करारात असते. तो कागद शोधा, नकाशावर लाल पेनाने रेघ मारा.

ही रेघ मारल्याशिवाय कोणालाही सर्व्हेचे काम देऊ नका. रस्त्यातली, आवारातली, जिन्यातून वर जाणारी कंपनीची लाइन तपासणे हे कंपनीचेच काम आहे. तिच्यावर पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे सुरक्षा नियम लागू आहेत आणि शहरी गॅसजाळ्यांसाठीचे तांत्रिक नियम २००८ पासून आहेत. कमिटीने लेखी विचारावे : आमच्या इमारतीपाशी शेवटचा गळतीचा सर्व्हे केव्हा झाला, कोणत्या यंत्राने, आणि काय सापडले? पत्रावर ग्राहक क्रमांक, इमारतीचे नाव आणि सचिवांची सही असू द्या. जे काम कंपनीने करायचे त्याचे पैसे सभासदांकडून गोळा करण्याची गरज नाही.

मग घरच्या घरी होणारी तपासणी

सर्व्हेवाल्याला बोलावण्याआधी दोन गोष्टी करून घ्या.

पहिली मीटरची. घरातल्या सगळ्या शेगड्या, गीझर बंद करा, पण मीटरचा कॉक चालू ठेवा. आकड्यांचा फोटो काढा. तासाभराने, जमल्यास रात्रभराने, दुसरा फोटो. शेवटचे तीन लाल आकडे लिटर दाखवतात. ते सरकले असतील तर मीटरनंतर कुठेतरी गळती आहे. मात्र आकडे सरकले नाहीत म्हणून गळती नाहीच असे नव्हे. घरगुती मीटर तासाला सुमारे ३ लिटरपेक्षा बारीक प्रवाह टिपेलच असे नाही. शिवाय मीटरच्या अलीकडची गळती त्याला कळणे शक्यच नाही.

दुसरी साबणाच्या पाण्याची. भांडी घासायचे द्रावण पाण्यात कालवून ब्रशने प्रत्येक जोडावर, कॉकवर, रबरी नळीच्या दोन्ही टोकांवर लावा आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ डोळे लावून बसा. बारीक गळतीचा बुडबुडा सावकाश फुगतो. काडी पेटवून तपासण्याची सवय अजूनही काही मिस्त्र्यांना आहे. त्यांना दारातच थांबवा. रबरी नळीवर छापलेले वर्ष पाहा. पाच वर्षे झाली असतील तर गळती असो वा नसो, नळी बदला.

फाऊंड्रीत आणि हॉटेलात हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर करता येते. रविवारी सगळे बर्नर बंद ठेवून मीटरचे आकडे टिपले की दुसऱ्या दिवशी सर्व्हेवाल्याशी बोलताना तुमच्या हातात स्वतःचा एक आकडा असतो.

धोक्याची क्रमवारी लावा

इथे वेळ द्या. पुढचा सगळा खर्च याच पायरीवर ठरतो.

पुष्कळांना वाटते, गळती जितकी मोठी तितका धोका मोठा. ते अर्धेच खरे आहे. तासाला १० लिटरची एक गळती धरू. दहा बाय दहा फुटांच्या स्वयंपाकघरात सुमारे २७ घनमीटर हवा मावते. खोली अगदी डबाबंद धरली तरी सगळ्या हवेत ५ टक्के वायू मिसळायला १,३५० लिटर लागतील, म्हणजे पाच दिवसांहून जास्त. खिडकी उघडी असेल तर तो टप्पा येणारच नाही, जरी छताशी थर आधी जमू शकत असला तरी. आता तीच गळती गॅलरीतल्या मीटरच्या कपाटात घ्या. कपाट अर्ध्या घनमीटरचे, वर-खाली जाळी नाही. तिथे २५ लिटर पुरतात. अडीच तासांत कपाट पेटण्याजोगे होते. त्यात वॉशिंग मशीनचा प्लग असला तर ठिणगीसुद्धा जवळच आहे.

गॅलरीत मीटर बसवताना जागा मोकळी असते. दोन वर्षांनी पावसाची झड येते म्हणून काच लागते, मग फर्निचरवाला येऊन पाइप आणि मीटर प्लायवूडच्या मागे दडवतो. पाइप तोच, जोड तेच, धोका मात्र अनेक पटींनी वाढलेला. अशा ठिकाणी सर्व्हेच्या आधी सुताराला बोलवा आणि वर-खाली जाळी पाडून घ्या.

क्रमवारी लावताना प्रत्येक जागेला चार प्रश्न विचारा. वायू साचू शकतो का? माणसे झोपतात किंवा गर्दी करतात का? ठिणगीचे साधन आहे का, म्हणजे मोटर, स्विच, भट्टी, देवघर? आणि गळती होण्याचे काही कारण घडले आहे का, जसे अलीकडची खोदाई, जुना जोड, गंज, सतत कंप? चारही उत्तरे ‘हो’ आली ती जागा यादीत सर्वांत वर. टक्केवारीच्या शक्यता काढून कोष्टके भरणारे सल्लागार असतात, पण आपल्या पातळीवर त्या शक्यतांना आधार नसतो. ‘हो-नाही’ने लावलेला क्रम जास्त प्रामाणिक आहे.

चौथ्या प्रश्नावर बेळगावात जरा थांबायला हवे. स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगावची निवड जानेवारी २०१६ मध्ये झाली. त्यानंतर रस्ते उकरले गेले, काँक्रीटचे झाले. चोवीस तास पाण्याच्या योजनेची खोदाई, केबल, गटारे हे सगळे त्याच जमिनीत. शहरी गॅसलाइनचा मोठा शत्रू म्हणजे दुसऱ्याचा जेसीबी. पाइप त्या दिवशी फुटला तर निदान सगळ्यांना कळते. नुसता ओरखडा पडला, जोड ताणला गेला, वरून माती टाकून काँक्रीट ओतले, तर तो मार वर्षानुवर्षे जमिनीत दबा धरून राहतो. तुमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत कुठे कुठे खोदाई झाली त्याची तारखांसह यादी करा. जुन्या रहिवाशांना विचारा, मोबाइलमधले फोटो काढायला सांगा. सर्व्हेवाल्याला देण्यासारखा याहून मोलाचा कागद नाही.

काँक्रीटचा आणखी एक परिणाम लक्षात घ्या. मातीच्या रस्त्यात गळलेला वायू सरळ वर येऊन हवेत जातो. वर काँक्रीट बसले की त्याची वाट बंद होते. मग तो पाण्याच्या लाइनच्या चरातून, गटारातून, केबलच्या पाइपातून आडवा सरकतो आणि घराच्या पायाशी, तळघरात, चेंबरमध्ये वर येतो. म्हणजे गळती एका ठिकाणी आणि वास तिसऱ्याच घरात.

गणेशोत्सवाच्या मांडवांबद्दलही सांगतो. गल्लीतल्या मंडळांनी मांडवाचे खांब रोवण्यासाठी रस्त्यात पहारीने खड्डे घेण्याआधी गॅस कंपनीकडून लाइन कुठून जाते ते दाखवून घ्यावे. वाळूने भरलेल्या पिंपांत खांब उभे केले तर खोदायचीच गरज पडत नाही. खोदाई करणाऱ्या ठेकेदारांसाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले आहे. तुमच्या आवारात बोअर मारताना किंवा पाया काढताना ठेकेदाराने त्यावर नोंद केली का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

यंत्र कोणते, ते विचारा

कोटेशनमध्ये ‘अत्याधुनिक उपकरण’ एवढेच लिहिले असेल तर ते परत पाठवा. कोणत्या जातीचे यंत्र आहे यावर निम्मा निकाल अवलंबून असतो.

हातात धरायचे लेझर मिथेन डिटेक्टर पंचवीस-तीस मीटरवरूनही वायू टिपते. जिन्यातल्या उंच पाइपसाठी, कुलूपबंद गॅलरीसाठी, फाऊंड्रीच्या छताखालच्या लाइनसाठी ते फार उपयोगी, आणि काचेतूनही चालते. त्याचे माप ‘पीपीएम-मीटर’ असते, म्हणजे किरणाच्या वाटेत एकूण किती वायू आला. हा आकडा आणि साधा पीपीएम एकच समजू नका. आणि मोठी गोष्ट : हे यंत्र फक्त मिथेन पाहते. ज्या कारखान्यात पाइपच्या गॅसबरोबर एलपीजीचा जोडसाठा आहे, तिथे लेझरने ‘गळती नाही’ म्हटले तरी एलपीजीची गळती तशीच असू शकते.

ज्वालेवर चालणारे एफआयडी यंत्र पायी सर्व्हेसाठी जुने आणि भरवशाचे. अगदी थोडे पीपीएम टिपते. पण ते पेट्रोल, थिनर, रंग यांनाही दाद देते, म्हणून गॅरेज आणि पेंटशॉपच्या रांगेत खोटे इशारे येतात.

तिसरे उष्ण तारेच्या सेन्सरचे, टक्के एलईएल दाखवणारे छोटे यंत्र. स्वस्त आणि सगळ्यांकडे असते. फाऊंड्रीवाल्यांनी इथे सावध राहावे. साच्यातून माल सुटावा म्हणून मारतात त्या सिलिकॉनच्या फवाऱ्याने हा सेन्सर हळूहळू मरतो आणि मेलेला सेन्सर नेहमी ‘शून्य’ दाखवतो. वायू फार दाट असेल, प्राणवायू कमी असेल, तेव्हाही तो चुकीचा कमी आकडा देतो. अशा शॉपमध्ये इन्फ्रारेड सेन्सर मागा. यंत्र कोणतेही असो, त्या दिवशी सकाळी ज्ञात प्रमाणाचा वायू फुंकून त्याची चाचणी झाली का, हे समोर उभे राहून पाहा. कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रावरची तारीख आणि यंत्राचा क्रमांक जुळतो का, तेही.

गाडीवरची आणि ड्रोनवरची यंत्रे लांबच्या लांब लाइनसाठी चांगली. आपल्या अरुंद गल्ल्यांत ती इशारा देतात, जागा सांगत नाहीत. जागा नक्की करायला माणसाला उतरून चालावेच लागते.

गटारापाशी मिथेन सापडला तर लगेच पाइपवर आळ घेऊ नका. सेप्टिक टँक आणि तुंबलेले गटार यांतही मिथेन तयार होतो. पाइपच्या गॅसमध्ये थोडा इथेन असतो, गटाराच्या वायूत तो नसतो. इथेनची तपासणी करणारे यंत्र सर्व्हेवाल्याकडे आहे का, हे आधी विचारले तर नाहक खोदाई वाचते.

ऋतू पाहून तारीख ठरवा

बेळगाव-खानापूरकडचा पाऊस हा सर्व्हेचा वैरी आहे. जमीन पाण्याने भरली की मातीतली छिद्रे बुजतात, वायू वर येत नाही, आणि यंत्र स्वच्छ अहवाल देते. जोराचा वाराही आकडे पुसून टाकतो. जुलैमध्ये कोणी सवलतीच्या दरात सर्व्हे देत असेल तर जमिनीखालच्या लाइनसाठी तो घेऊ नका. घरातल्या, शेडमधल्या उघड्या पाइपसाठी चालेल.

अमेरिकेतल्या डॅलस शहरात २३ फेब्रुवारी २०१८ रोजी एका घरात गॅसचा स्फोट होऊन बारा वर्षांची मुलगी दगावली. आदल्या दोन दिवसांत शेजारच्या दोन घरांत गॅस पेटला होता. तपासणी चालू होती, पण दिवस पावसाचे होते, जमीन भिजलेली होती आणि मातीतून येता येता वायूचा वास गळून गेला होता. शेवटी निष्पन्न झाले ते असे की २३ वर्षांपूर्वी सांडपाण्याची लाइन बदलताना गॅसच्या लाइनला मार लागला होता आणि तो कोणाच्या लक्षातच आला नव्हता. खोदाई, पाऊस, वास न येणे, हे तिन्ही घटक आपल्याकडेही आहेत. ‘वास नाही म्हणजे गळती नाही’ हे वाक्य म्हणून मनातून काढून टाका.

जमिनीखालच्या लाइनसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला : ओल उतरलेली, जमीन अजून मऊ. गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगलकडच्या काळ्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये आणखी एक फेरी मारणे योग्य. ती माती भिजून फुगते, सुकून आकसते, भेगा पडतात. त्या ओढाताणीत पाइपच्या जोडांवर ताण येतो, आणि भेगांतून वायूला लांबवर वाट मिळते. काँक्रीटच्या रस्त्यात मधोमध चालून उपयोग नाही. कडेच्या फटी, चेंबरची झाकणे, विजेच्या खांबांचे बुंधे, घरात शिरणारे पाइप, तिथे यंत्र टेकवायला लावा.

आता कोटेशन तोला

खालचे रुपयांचे आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून धरले आहेत. तुमच्या हातातले आकडे घालून तेच गणित करा.

समजा, कारखान्याच्या आवारातल्या, तुमच्या स्वतःच्या मालकीच्या लाइनसाठी दोन कोटेशने आली. पहिला ३०,००० रुपयांत नुसता चालून खुणा करून देणार. दुसरा ५५,००० घेणार, पण प्रत्येक संशयाच्या जागी जमिनीत भोके पाडून, वायूचे प्रमाण मोजून जागा पक्की करून देणार. पहिल्याने १२ खुणा केल्या. काँक्रीट फोडून, पाहून, पुन्हा बुजवायला एका खड्ड्याला ८,००० धरले तर ९६,००० झाले. त्यात खऱ्या गळत्या निघाल्या ४. एकूण १,२६,००० भागिले ४, म्हणजे एका गळतीमागे ३१,५००. दुसऱ्याने ६ खुणा केल्या, त्यात ५ खऱ्या. ५५,००० अधिक ४८,००० म्हणजे १,०३,०००, एका गळतीमागे २०,६००. स्वस्त सर्व्हे महाग पडला, आणि शक्यता अशी की त्याची एक गळती सुटलीसुद्धा. म्हणून दोघांनाही हे विचारा : मागच्या कामांत तुमच्या खुणांपैकी किती ठिकाणी खोदल्यावर गळती खरोखर निघाली? लेखी उत्तर मागा.

दुसरे गणित गॅसच्या बचतीचे. सर्व्हे विकणारे बहुधा इथूनच बोलायला सुरुवात करतात. फाऊंड्रीतल्या सगळ्या बारीक गळत्या मिळून तासाला १२० लिटर धरू. लाइन वर्षभर चोवीस तास दाबाखाली असेल तर वर्षाला सुमारे १,०५० घनमीटर. घनमीटरला ६० रुपये धरले तर ६३,००० रुपये. नैसर्गिक वायू अजून जीएसटीत नाही, त्यावर व्हॅट लागतो, आणि त्याची जीएसटीतून वजावट मिळत नाही. गळलेला रुपया पुरता गेला. पण शिफ्ट संपल्यावर मुख्य व्हॉल्व्ह बंद करायची शिस्त लावली, दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवसच लाइन दाबाखाली ठेवली, तर गळती ३६० घनमीटरवर येते, म्हणजे २१,६०० रुपये. एका पैचा सर्व्हे न करता ४१,००० हून जास्त वाचले. म्हणजे केवळ बचतीच्या जोरावर महागडा सर्व्हे बहुतेक छोट्या युनिटला परवडत नाही. तो करायचा तो माणसांसाठी. बचतीचा आकडा दाखवून कोणी काम मागत असेल तर त्याला आधी व्हॉल्व्ह बंद केल्यानंतरचा आकडा विचारा.

व्हॉल्व्ह बंद-चालू करताना भट्टी पेटवण्याची पूर्ण पद्धत, आधी हवा खेळवणे, मग पायलट म्हणजे पेटवणारी छोटी ज्योत, पाळली जाईल असा जबाबदार माणूस मात्र नेमलेला हवा. तसा नसेल तर रोजची बंद-चालू हाच नवा धोका होईल.

तिसरी गोष्ट, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. दुरुस्तीची रक्कम बाजूला काढल्याशिवाय सर्व्हे करू नका. एक लाख असतील तर सर्व्हेवर चाळीस हजारांपेक्षा जास्त घालू नका. गळती कागदावर आली, कमिटीच्या फाइलमध्ये लागली आणि पैसे नाहीत म्हणून तशीच राहिली, तर तुम्ही अजाण होता असेही उद्या म्हणता येणार नाही. पैसे अपुरे असतील तर सर्व्हेची व्याप्ती कमी करा : क्रमवारीतल्या वरच्या जागा यंदा, बाकीच्या पुढच्या वर्षी.

किती वर्षांनी करायचा? अमेरिकी नियमांत बाजारपेठेच्या भागात वर्षातून एकदा आणि इतरत्र पाच वर्षांतून किमान एकदा असा हिशेब आहे. तो अंदाजासाठी चांगला आहे. दाट गल्ली, हॉटेल, फाऊंड्री यांनी दर वर्षी. मोकळ्या आवारातल्या, खोदाई न झालेल्या लाइनला एवढी घाई नाही. शेजारी मोठी खोदाई झाली तर मात्र वेळापत्रक बाजूला ठेवून लगेच.

सर्व्हेचेही धोके असतात

जमिनीत भोक पाडणारी पहार विजेच्या केबलला लागू शकते, पाण्याच्या लाइनला लागू शकते, खुद्द गॅसच्या पाइपला लागू शकते. आधी केबल शोधणारे यंत्र फिरवले पाहिजे, पहारीची मूठ विद्युतरोधक हवी आणि खोलीची मर्यादा ठरलेली हवी. चेंबरचे झाकण उघडून कोणी आत उतरणार नाही, ही अट करारात घाला. आत मिथेन नसला तरी विषारी वायू किंवा प्राणवायूची कमतरता माणूस मारते. भर रस्त्यावर काम असेल तर अडथळे आणि झेंडीवाला माणूस कोणाचा, हे ठरवा. कामगारांचा अपघात विमा आहे का, त्याची प्रत मागा. या चार ओळी कोटेशनमध्ये नसतील तर दर कमी का दिसतो, त्याचे उत्तर तिथेच आहे.

शेतातून लाइन जाते त्यांच्यासाठी

मोठ्या वाहिनीखालच्या जमिनीत वापराचा हक्क १९६२ च्या कायद्याने घेतलेला असतो. त्या पट्ट्यात घर, विहीर, तळे, झाड यांना मनाई आहे. या वाहिनीतल्या वायूला सहसा वास नसतो, म्हणून डोळे आणि कान उघडे ठेवा : हिरव्या उसात मध्येच पिवळा पडलेला गोल, साचलेल्या पाण्यात सतत येणारे बुडबुडे, फुसफुस आवाज, जमिनीतून उडणारी धूळ. असे दिसले तर ट्रॅक्टर तिथेच बंद करून, वाऱ्याच्या उलट दिशेने लांब जाऊन, लाइनच्या खुणेच्या खांबावरचा नंबर लावा. आंध्रातल्या नगरम गावी २७ जून २०१४ च्या पहाटे वाहिनीतून गळून साचलेला वायू पेटला आणि झोपेतली माणसे होरपळली. तुमच्या शेतात सर्व्हेचे लोक यंत्र घेऊन आले तर त्यांना अडवू नका. ओळखपत्र पाहा, पिकाचे नुकसान झाले तर लिहून घ्या, पण वाट द्या.

गळती सापडल्यावर

चांगला अहवाल गळत्यांची तीन श्रेणींत विभागणी करतो. पहिल्या श्रेणीत माणसांना किंवा घराला आत्ताच धोका. वायू इमारतीत शिरला आहे, किंवा बंद जागेत मोठा आकडा दिसतो आहे. तिथे अहवालाची वाट पाहायची नाही. व्हॉल्व्ह बंद, माणसे बाहेर, दिवे-पंखे आहेत तसेच, फोन बाहेर येऊन. घरगुती पाइपच्या गॅससाठी बिलावरचा आणि मीटरवरचा आपत्कालीन नंबर. १९०६ हा सिलिंडरच्या गळतीचा आहे. आग लागली असेल तर ११२. पाइपच्या तोंडाशी वायू जळत असेल तर व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत ती ज्योत विझवू नका, नाहीतर वायू न जळता साचेल. बंद केलेला व्हॉल्व्ह कंपनीच्या माणसाशिवाय पुन्हा उघडू नका.

हे नंबर आणि सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून व्हॉल्व्हपाशी लावा. फाऊंड्रीत परप्रांतीय कामगार असतील तर हिंदीतही. संकटात माणूस आपल्या भाषेतलेच वाचतो.

दुसऱ्या श्रेणीतली गळती आज धोक्याची नसली तरी पुढे होईल अशी. ती दुरुस्त करण्याची तारीख अहवालावरच लिहून घ्या. माझा आग्रह महिन्याभराचा आहे, आणि पाऊस तोंडावर असेल तर पावसाआधी. तिसरीतली बारीक, उघड्यावरची. तिच्यावर नजर ठेवायची आणि पुढच्या फेरीत पुन्हा मोजायची. घरातली तिसऱ्या श्रेणीची गळती मात्र त्याच दिवशी बंद करा. जोड आवळायला किंवा नळी बदलायला काही वेळ लागत नाही.

दुरुस्ती झाली की बिल देण्याआधी त्याच जागी, त्याच यंत्राने, पुन्हा मोजणी करून घ्या. जमिनीत साठलेला वायू विरायला दिवस लागतात, म्हणून जमिनीखालच्या दुरुस्तीनंतर लगेच एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. दुसऱ्या मोजणीत आकडा उतरला नसेल तर शेजारी दुसरी गळती आहे असे धरा आणि दहाबारा मीटर दोन्ही बाजूंना पुन्हा शोध घ्यायला लावा. ही दुसरी फेरी कोटेशनमध्येच धरलेली असावी, आणि एकूण रकमेतला पाचवा हिस्सा ती फेरी होईपर्यंत हातात राखून ठेवावा.